झोप लागताना आवाज ऐकू येतात, म्हणून व्हाइट नॉइज मशीन घ्यावं का? लेक्ट्रोफॅन, डोम आणि छताचा पंखा

डोळा लागता लागता कुणीतरी नावानं हाक मारतं. पलीकडच्या खोलीत दोघं जण हळू आवाजात बोलत असल्यासारखं वाटतं, पण शब्द एकही कळत नाही. कधी दूरवर रेडिओ चालू असल्यासारखी गाण्याची सुरावट येते, कधी दाराची बेल वाजते, कधी डोक्यातच सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा धाडकन आवाज होतो. दिवा लावून पाहावं तर खोली तशीच शांत. मग रात्रभर धास्ती राहते, आणि दुसऱ्या दिवशी नेटवर शोधताना पहिला सल्ला मिळतो तो व्हाइट नॉइज मशीन, म्हणजे खोलीत एकसारखी सळसळ भरणारं यंत्र, घेण्याचा. लेक्ट्रोफॅन आणि डोम ही अशीच दोन मशीन.

हे मशीन चांगलं आहे, पण अशा प्रत्येक आवाजावर ते चालत नाही. एका प्रकारच्या तक्रारीत ते फार उपयोगी पडतं, दुसऱ्या प्रकारात त्रास वाढवतं आणि तिसऱ्यात त्याचा जवळपास संबंधच नसतो. म्हणून मशीनच्या बटणांआधी तुम्हाला ऐकू येणारा आवाज कुठल्या प्रकारचा आहे हे पाहायला हवं. ते न पाहता केलेली खरेदी बहुतेक वेळा महिनाभरात कपाटात जाते.

पहिला प्रकार खऱ्या आवाजांचा. शेजाऱ्यांचा टीव्ही, खालच्या मजल्यावरची बोलणी, टाकीकडे चढणारं पाणी, इन्व्हर्टरची गुणगुण. भिंत बोलण्यातली वरची पट्टी गाळते आणि खालची जाऊ देते. त्यामुळे व्यंजनं भिंतीतच अडकतात आणि स्वरांची नुसती गुरगुर आपल्यापर्यंत पोचते. ‘कुणीतरी बोलतंय पण कळत नाही’ असं वाटण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

दुसरा प्रकार पंख्यातून, एसीतून किंवा मशीनमधूनच ‘तयार होणाऱ्या’ आवाजांचा. कान एकसारखी सळसळ ऐकत असतो आणि मेंदू त्यात ओळखीचं काही शोधत राहतो. २००१ साली नेदरलँड्समध्ये ४४ विद्यार्थ्यांना तीन मिनिटं नुसता व्हाइट नॉइज ऐकवला आणि त्यात एक ओळखीचं गाणं ऐकू आलं तर बटण दाबा असं सांगितलं. गाणं त्यात नव्हतंच. तरी साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी बटण दाबलं. निरोगी मेंदूचाच हा स्वभाव आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थानं झोपेच्या उंबरठ्यावरचा. झोप येताना मेंदूचे सगळे भाग एकदम झोपत नाहीत. बाहेरच्या संवेदना आत पोचवणारा थॅलॅमस हा भाग आधी मंदावतो आणि कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा थर, त्यानंतर काही मिनिटांनी. फ्रान्समधल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडवरून हे २०१० मध्ये दाखवलं. या मधल्या मिनिटांत दार बंद झालेलं असतं पण घर जागं असतं, आणि मेंदू स्वतःच आवाज, चेहरे, हाका उभ्या करतो. १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या ४,९७२ लोकांच्या पाहणीत ३७ टक्क्यांनी झोप लागताना असे काही ना काही भास होत असल्याचं सांगितलं. या आकड्यात फक्त आवाज नाहीत, दिसणं आणि स्पर्शही आहेत. डोक्यात स्फोट झाल्यासारखा आवाज हा याच कुटुंबातला. तो क्षणभराचा असतो, दुखत नाही, आणि १९८८ मध्ये ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञ पिअर्स यांनी त्याची नीट नोंद केल्यापासून वैद्यकात तो ओळखीचा आहे.

रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. त्यामागची समजूत वेगळी असेल, पण एवढं खरं की अशी हाक अनेकांना, अनेक पिढ्या ऐकू येत आली आहे.

खरेदीआधीची अर्ध्या तासाची तपासणी

आवाज आला की डोळे उघडा, उठून बसा, मान दोन्ही बाजूंना वळवा आणि एखादं वाक्य मोठ्यानं बोला. आवाज तत्क्षणी गेला आणि पुन्हा गुंगी येईपर्यंत परतला नाही, तर तो तिसरा प्रकार. बसल्यावरही राहिला तर पंखा बंद करा. पाती थांबता थांबता आवाजही विरला तर दुसरा प्रकार. पंखा बंद असूनही राहिला तर घराचा मेन स्विच दहा मिनिटं खाली करा आणि इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा. हे विसरू नका, नाहीतर मेन पाडल्याबरोबर इन्व्हर्टर सुरू होतो आणि परीक्षा फुकट जाते. घरात ऑक्सिजन किंवा श्वासाचं यंत्र चालू असेल तर ही पायरी करूच नका. मेन बंद केल्यावर आवाज गेला तर तो तुमच्या फ्रिजचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा. तरीही राहिला तर भिंतीला कान लावून फिरा, एका भिंतीशी तो वाढेल. कुठेच वाढला नाही, सगळीकडे सारखाच राहिला, तर तो कानातला असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं.

फोनवर रेकॉर्डिंग करून पाहायला हरकत नाही, पण एक लक्षात ठेवा. फोनचा रेकॉर्डर संथ, एकसारखी गुणगुण ‘नको असलेला आवाज’ म्हणून बऱ्याचदा पुसून टाकतो. रेकॉर्डिंगमध्ये बोलणं आलं तर तो पुरावा आहे. गुणगुण आली नाही, तर त्यावरून ती नव्हतीच असं ठरत नाही.

छताचा पंखा

आपल्या घरातलं सगळ्यात जुनं व्हाइट नॉइज मशीन हेच आहे, आणि बोलण्याचे भास तयार करण्यात याचा हातखंडा आहे. कारण लयीत आहे. माणूस बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो. रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना पंखा मिनिटाला २०० ते ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला तीन ते पाच. पंख्यात जराही असमतोल असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक उंचवटा, एक ‘टुक’ येतो आणि तो नेमका बोलण्याच्या लयीवर बसतो. सळसळीत ही लय मिसळली की अर्धवट झोपेतल्या मेंदूला संभाषण जुळवायला फार काही लागत नाही. आमच्या मते ‘पंखा लावला की माणसं बोलतात’ या तक्रारीचं मोठं कारण हेच.

म्हणून आधी पंखा दुरुस्त करा, मशीन नंतर. रेग्युलेटर पूर्ण पाचावर नेल्यावर गुंई-गुंई थांबत असेल तर दोष रेग्युलेटरचा. फिरवायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरऐवजी टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला बसवून घ्या. दर फेऱ्याला टुक येत असेल तर पात्यांचे स्क्रू, दांड्याला घासणारी वरची वाटी आणि हुकातला झिजलेला रबर बुश या तीन गोष्टी इलेक्ट्रिशियनला दाखवा. मग तिन्ही पात्यांच्या टोकांचं छतापासूनचं अंतर टेपनं मोजा. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पंखा डुलणारच. पाती ओल्या फडक्यानं पुसणं हाही समतोलाचाच भाग आहे, कारण धूळ तिन्हींवर सारखी बसत नाही. लाइट गेल्यावरच पंखा घुमायला लागत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते पाहा. साइन वेव्हवर ही घुमण बरीच कमी होते.

एवढं केल्यावर अनेक घरांत पुढचं काही विकत घ्यावं लागत नाही.

डोम

अमेरिकेत १९६२ मध्ये जिम बकवॉल्टर यांनी बनवलेल्या ‘स्लीप-मेट’ची ही पुढची पिढी. कंपनी पूर्वी मार्पॅक, आता योगास्लीप. आत खरा छोटा पंखा आहे, बाहेर भोकांचं घुमटासारखं कवच. वारा येत नाही, फक्त हवेचा आवाज येतो. वेग दोन. कवच आणि त्याखालचं कडं फिरवून भोकं कमी-जास्त उघडली की आवाजाची पट्टी बदलते.

आतला पंखा लहान आणि जोरात फिरणारा असल्यामुळे छताच्या पंख्यासारखी सेकंदाला तीन-पाचची ती घातक लय यात येत नाही. आवाज खरा, त्यामुळे तोच तुकडा पुन्हा वाजण्याचा प्रश्न नाही. हे दोन्ही मुद्दे भास होणाऱ्यांच्या दृष्टीनं मोठे आहेत. मर्यादा अशी की आवाजाला मोटारीचा स्वतःचा एक सूर आहे आणि तो पूर्ण काढता येत नाही. सूर पकडणारा कान असेल तर या सुरावर पुढे गाणं रचलं जाऊ शकतं. दोन वेगांच्या मध्ये काही नाही, म्हणजे आवाज अगदी थोडा कमी करायचा असेल तर फक्त अंतर वाढवणं हाती उरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं डोम १२० व्होल्टचं असतं. मोटर थेट विजेवर चालते, मध्ये अडॅप्टर नाही. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला नुसती पिन बदलून लावलं तर मोटर जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो स्वतःच घुमतो आणि शांत खोलीत एका आवाजाऐवजी दोन होतात. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळे मोटर थोडी मंद फिरते आणि आवाज खाली उतरतो. घ्यायचंच असेल तर तळाच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट छापलेलं घ्या. दुबई किंवा लंडनहून आणणं अमेरिकेपेक्षा सोयीचं.

लेक्ट्रोफॅन

हे पूर्ण इलेक्ट्रॉनिक. मूळ मॉडेलमध्ये वीस आवाज आहेत, दहा पंख्यांचे आणि दहा नॉइजचे. नॉइजच्या दहांत पांढऱ्यापासून गुलाबी, तपकिरीपर्यंत छटा मिळतात. पांढऱ्यात सगळ्या पट्ट्या सारख्या, म्हणून कानाला फिसफिस जास्त. गुलाबीत वरच्या पट्ट्या दर सप्तकाला ३ डेसिबलनं उतरतात, तपकिरीत ६ डेसिबलनं, म्हणून तो दूरच्या धबधब्यासारखा जाड लागतो. आवाज मशीन स्वतः घडवतं, रेकॉर्डिंगचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत नाही. वीज यूएसबीची, ५ व्होल्ट, म्हणजे देश बदलला तरी चिंता नाही. आवाजाची पातळी बारीक पायऱ्यांनी बदलते, आणि या कामासाठी ते डोमपेक्षा सरस आहे.

इथे एक पेच आहे. बोलणं समजायला लागणारा बहुतेक मजकूर ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये असतो. जुना टेलिफोन एवढ्यावरच चालायचा. शेजाऱ्यांचं बोलणं झाकायचं तर मशीननं याच पट्टीत आवाज भरला पाहिजे, म्हणजे पांढरा किंवा गुलाबी. पण भास घडवायला मेंदूला कच्चा माल हवा असतो तोही याच पट्टीतला. जो आवाज खरं बोलणं झाकतो, तोच खोटं बोलणं पुरवतो.

म्हणून पहिल्या प्रकारातल्यांनी गुलाबीच्या आसपासची छटा घ्यावी. दुसऱ्या प्रकारातल्यांनी सगळ्यात जाड, तपकिरीकडची छटा घ्यावी आणि पंख्यांचे दहाही आवाज सोडून द्यावेत, कारण त्यांना सूर आणि घुमारा आहे. दोन्ही त्रास एकत्र असतील तर तपकिरीपासून सुरू करून रोज एक छटा वर सरकावं आणि भास सुरू होईल तिथून एक पायरी मागे यावं. हे जुळवून घेण्याची सोय लेक्ट्रोफॅनमध्ये आहे, डोममध्ये नाही. आमची पसंती त्याला आहे ती यासाठी.

तिसऱ्या प्रकारातल्यांनी खरेदीची घाई करू नये. तो आवाज आतून येतो, बाहेरून झाकला जात नाही. खोलीतल्या लहानसहान खुडबुडींना कमी दचकाल, एवढाच फायदा. डोक्यातल्या स्फोटावर तर हे मशीन काहीच करत नाही. तिथे झोपेची थकबाकी फेडणं, झोपायची वेळ ठरलेली ठेवणं आणि उताणं झोपल्यावर त्रास होत असेल तर कूस बदलणं हे आधी करून पाहावं.

फोन, ॲप, रात्रभराचे व्हिडिओ

खर्च शून्य, पण या कामासाठी सगळ्यात कमी भरवशाचे. फोनच्या स्पीकरला खालची पट्टी झेपतच नाही, त्यामुळे ‘तपकिरी’ लावला तरी कानावर येते ती वरची फिसफिस. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या फायलीत नॉइज पाण्यासारखा डुचमळतो, आणि ती डुचमळ कुजबुजीसारखीच ऐकू येते. छोटा तुकडा वाजवणाऱ्या ॲपमध्ये जोडाची ‘टिक’ ठरावीक वेळानं येते. एकदा कानानं ती पकडली की मग तीच ऐकू येत राहते. व्हिडिओत मध्येच जाहिरातीचा खराखुरा माणूस बोलतो, त्याबद्दल वेगळं काय सांगावं. ॲपच वापरायचं असेल तर नॉइज जागेवर तयार करणारं घ्या, फोन विमान मोडवर टाका आणि वायरनं मोठ्या स्पीकरला जोडा.

पाऊस, लाटा, झरा हे आवाज सुंदर आहेत, पण भास होणाऱ्यांनी टाळावेत. त्यांत सतत चढउतार असतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी मुक्काम केलेल्या ट्रेकरना पाण्यात माणसं बोलताना ऐकू येतात ती याच कारणानं.

मांडणी आणि पातळी

मशीन उशाशी ठेवू नका. उशीपासून किमान दोन मीटर, आणि त्रास देणारी खिडकी किंवा भिंत ज्या बाजूला असेल त्या बाजूला ठेवा. कोपऱ्यात खालची पट्टी फुगते, प्लायवूडच्या कपाटावर फळी थरथरते. खाली चौपदरी घडी केलेला टॉवेल घाला. पातळी शून्यापासून वर न्या आणि शेजारचे शब्द कळेनासे झाले की थांबा. आवाज पूर्ण बुडवायचा नाही. उशीवर ४५ ते ५० डेसिबलच्या वर जायची गरज सहसा पडत नाही. फोनवरची मोजणारी ॲप, विशेषतः ॲंड्रॉइडवरची, काही डेसिबलनं चुकतात, म्हणून तो आकडा अंदाज म्हणूनच घ्या. घरात बाळ असेल तर जास्त जपा. २०१४ मध्ये बाळांसाठीची १४ मशीन पूर्ण आवाजावर तपासली, तेव्हा तीन मशीन ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलच्या पुढे गेली होती.

टायमरचा विचार त्रासाच्या वेळेनुसार करा. आवाज फक्त झोप लागताना येत असतील तर तासाभराचा टायमर पुरतो. मात्र टायमर संपताच खोली एकदम शांत होते आणि काही जण त्या शांततेनं जागे होतात. तसं झालं तर पातळी आणखी खाली आणून रात्रभर चालू ठेवा. पहाटे जाग येतानाही आवाज येत असतील तर टायमर नकोच. लोडशेडिंगसाठी पॉवर बँक लावणार असाल तर आधी दिवसा तासभर चालवून पाहा, कारण करंट फार कमी ओढला जात असेल तर काही पॉवर बँका ‘काही जोडलेलं नाही’ असं समजून स्वतःच बंद होतात. स्वस्त चार्जर स्वतः बारीक शिट्टी घालतो, तोही कानाजवळ नेऊन तपासा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलाला निदान तीन रात्री द्या. वहीत चारच नोंदी पुरतात: कुठली छटा, किती पातळी, आवाज आला का, आदल्या रात्री किती तास झोप झाली. शेवटची नोंद टाळू नका. जागरणानं झोपेच्या उंबरठ्यावरचे भास वाढतात, आणि ती नोंद नसेल तर दोष उगाच मशीनवर जातो.

इअरप्लग खऱ्या आवाजांवर उत्तम. पण कान बंद झाला की नाडीचे ठोके आणि कानातली शिट्टी जास्त ऐकू येते. डोक्याला बांधायच्या स्पीकरपट्ट्या कुशीवर झोपणाऱ्यांना आमच्या उकाड्यात सोसत नाहीत.

मशीन सोडून डॉक्टरांकडे कधी

दिवसा, पूर्ण जागेपणी आवाज येत असतील, ते काही करायला सांगत असतील, धमकावत असतील, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. नेहमीची दारू एकदम सोडल्यावर आवाज सुरू झाले तर ती तातडीची बाब आहे, रुग्णालयात जावं. भासांसोबत दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील, जाग आल्यावर काही क्षण हलता येत नसेल, तर नार्कोलेप्सीची, म्हणजे झोपेवरचा ताबा सुटण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्यायला हवी. त्यात रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेची यंत्रांवरची नोंद, आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतरानं चार-पाच डुलक्या घेऊन झोप किती लवकर लागते हे पाहणारी एमएसएलटी चाचणी असते. लॅबमध्ये वेळ घेताना या दोन्ही तपासण्या सलग होतात का हे विचारा. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी आधीच कळवा, कारण काही औषधं चाचणीपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबवावी लागतात. वरच्या वहीची शेवटची दोन आठवड्यांची पानंही सोबत न्या.